वाग्गेयकाराची परीक्षा : देवगिरी ते सिरुसेरी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासपर काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मंडळाच्या पन्नास वर्षांचा वृत्तांत लिहावा असाच आमचा पहिला विचार होता. गणेशोत्सव, कोजागरी, हळदीकुंकू, एकदा पावसात वाहून गेलेला नाट्यप्रयोग यांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु ते काम या अंकात अन्य हातांनी आमच्यापेक्षा चांगले पार पडले आहे. आमचा विषय निराळ्याच रीतीने ठरला. गेल्या श्रावणात सिरुसेरी येथे मंडळाच्या एका कुटुंबाकडे आम्ही उपासाच्या फराळास गेलो होतो, आणि त्या घरच्या मुलीने आम्हांस एक प्रश्न विचारला.

ज्यांनी मंडळाचे आरंभीचे दिवस पाहिले आहेत त्यांना सिरुसेरी हे नाव त्या काळी ऐकल्याचे आठवणार नाही. मराठी बिऱ्हाडे तेव्हा शहराच्या जुन्या वस्तीत असत. जुन्या महाबलिपुरम् रस्त्याने नावलूर मागे टाकून केळंबाक्कमकडे जाताना मध्ये लागणारे हे गाव. आज तेथे सिपकॉटचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे आहे, उंच इमारतींच्या रांगा आहेत, आणि मंडळाच्या यादीत त्या बाजूचे पत्ते वर्षागणिक वाढत आहेत. सदरहू मुलगी तेथीलच एका संगणक कंपनीत नोकरी करते. आठव्या वर्षापासून ती हिंदुस्थानी कंठसंगीत शिकते, आणि शाळेत असताना लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानोच्या परीक्षाही तिने दिल्या. तिला परदेशातील विद्यापीठात संगीतरचना या विषयात डॉक्टरेट करावयाची आहे. गायनात नव्हे, संगीतशास्त्रातही नव्हे, रचनेत. गतवर्षी तिने अर्ज केले होते व सर्व ठिकाणांहून नकार आला होता.

अर्जासोबत एक निवेदन द्यावे लागते. आपण कोणत्या परंपरेतून आलो व आपल्या रचनेचे त्या परंपरेशी नाते काय, हे त्यात सांगणे अपेक्षित असते. ते लिहिण्याच्या खटपटीत ती होती. तिने विचारले, "काका, आपल्याकडे गवई होऊन गेले हे सगळ्यांना माहीत आहे. पण रचनाकार होते का हो?" आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते अर्धवट होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजावी.

प्रथम या पदवीविषयी दोन शब्द. इंग्लंडातील प्राचीन विद्यापीठांत संगीताच्या पदव्या पंधराव्या शतकापासून आहेत, आणि पुढे त्या मिळविण्यासाठी उमेदवाराने स्वतः रचलेली कृती सादर करावी असा प्रघात पडला. १७९१ च्या जुलैमध्ये ऑक्सफर्डने हायडनला सन्मानाने डॉक्टर केले, त्या प्रसंगी त्याची एक आधीच लिहून झालेली सिंफनी वाजविण्यात आली. ती आजही 'ऑक्सफर्ड' या नावानेच ओळखली जाते. आमच्या देशातील सौरींद्रमोहन टागोर यांस १८७५ मध्ये फिलाडेल्फियाहून संगीताची डॉक्टरेट मिळाली. परंतु संशोधनाची म्हणून जी पीएच्. डी. आहे ती रचनेसाठी द्यावी की नाही, हा वाद अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. प्रिन्स्टन विद्यापीठाने १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ही वाट मोकळी केली. तेथीलच मिल्टन बॅबिट यांचा १९४६ सालचा प्रबंध विद्यापीठाने नाकारला होता. पुढे ते त्याच विद्यापीठात नामांकित प्राध्यापक झाले, त्यांचे शिष्य डॉक्टर झाले, आणि त्यांच्या स्वतःच्या त्या जुन्या प्रबंधास पदवी मिळाली १९९२ मध्ये. शेहेचाळीस वर्षांनी! आमच्या मुलीस पहिल्या नकाराने आलेली खिन्नता घालविण्यास ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगितली.

आजची रीत अशी की अर्जासोबत स्वतःच्या तीन-चार लेखी रचना पाठवावयाच्या, त्या प्रत्यक्ष वादकांनी वाजविल्याचे ध्वनिमुद्रण जोडावयाचे, एखादा अभ्यासपूर्ण निबंध द्यावयाचा, आणि तीन जाणकारांची शिफारसपत्रे मागवावयाची. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात मुदत संपते, फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर येते, व १५ एप्रिलपर्यंत उमेदवाराने होकार कळवावयाचा असतो. इंग्लंडात पदवीच मुळी रचनांच्या संग्रहावर व त्यावरील लेखी विवेचनावर दिली जाते. आपल्याकडे मात्र विद्यापीठातील संगीताची डॉक्टरेट म्हणजे सामान्यतः प्रबंध; बंदिश बांधणे हे ज्याच्या त्याच्या प्रतिभेचे काम, त्याला गुण नाहीत.

गतवर्षी अर्ज भरताना आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी तिला सल्ला दिला होता की तू बांधलेल्या यमन, बागेश्री व हंसध्वनीतील बंदिशी पाठव, सोबत भातखंडे पद्धतीची स्वरलिपी जोड. त्यांना नावीन्य वाटेल. एका विद्यापीठाने तिला दूरध्वनिचित्रावर मुलाखतीस बोलाविले. तेथील प्राध्यापकांनी अदबीने विचारले, राग परंपरेचा, ताल परंपरेचा, विस्तार गायिकेने त्या क्षणी केलेला. मग यात आपण रचलेले नेमके कोणते? ती निरुत्तर झाली. आम्हीही तेथे असतो तर निरुत्तरच झालो असतो.

आणि गंमत अशी की हा प्रश्न आमच्या भूमीत सातशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता व त्याचे उत्तरही लिहून ठेवले होते.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा गृहस्थ होता. घराणे मूळचे काश्मीरचे, आणि स्वतः तो व्यवसायाने राज्याचा हिशेब पाहणारा अधिकारी. कचेरीत आकडेमोड करून घरी स्वरांचा विचार करणाऱ्या आपल्या सिरुसेरीच्या मंडळींना तो परका वाटू नये. त्याचा 'संगीतरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ उत्तरेकडील व दक्षिणेकडील दोन्ही परंपरा आपला आधारग्रंथ मानतात. त्यात 'वाग्गेयकार' म्हणजे शब्द आणि स्वर दोन्ही रचणारा, याची लक्षणे दिली आहेत. त्याला व्याकरण यावे, छंद व अलंकार यावेत, रसभाव कळावेत, देशोदेशीच्या भाषा अवगत असाव्यात, ताल-लय यांवर प्रभुत्व असावे, नवीन चाल सुचावी, दुसऱ्याच्या मनातील कळावे, द्वेष नसावा. शब्दांच्या अंगास 'मातु' व स्वरांच्या अंगास 'धातु' असे म्हणून शार्ङ्गदेवाने श्रेणीही लावली आहे. दोहोंत निपुण तो उत्तम. धातूत सरस पण मातूत मंद तो मध्यम. शब्द मनोहर परंतु चाल दुबळी तो अधम. आणि दुसऱ्याच्या तयार चालीवर आपले शब्द बसविणारा जो, त्याला त्याने 'कुट्टिकार' असे वेगळेच नाव दिले आहे.

वाचकहो, आमच्या संगीत नाटकांतील कितीतरी मान्यवर पदकारांस हा देवगिरीचा हिशेबनीस कोणत्या खात्यात टाकील, हे सांगावयास नको! अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतल'पासून कर्नाटकातील, लावणीच्या, कीर्तनाच्या चाली उचलून त्यांवर पदे लिहिण्याचा प्रघात होता, व श्रोत्यांना त्यात काही गैर वाटत नसे. १९११ मध्ये 'मानापमान' रंगभूमीवर आले तेव्हा नाटककार खाडिलकरांच्या जोडीने चाली देणारे म्हणून गोविंदराव टेंबे यांचे नाव झळकले. संगीत देणारा हा स्वतंत्र कर्ता आहे, ही जाणीव आमच्यात अशी हळूहळू आली, किंवा खरे म्हणजे परत आली. तात्पर्य, परदेशी प्राध्यापकाने विचारलेल्या प्रश्नात अपमान मानण्याचे कारण नव्हते. 'यातला धातु तुझा किती?' एवढेच तो विचारीत होता.

आता तंजावर. सिरुसेरीपासून मोटारीने एका दिवसाच्या आत पोहोचता येते, आणि मंडळाच्या सहली तेथे कित्येकदा गेल्या आहेत. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख पाहून प्रत्येक सहलीत कोणाचे ना कोणाचे डोळे पाणावतात. परंतु देवळासमोर छायाचित्र काढून व सरस्वती महाल ग्रंथालयाला धावती भेट देऊन आपण परत फिरतो. त्या ग्रंथालयात संगीताचा जो ठेवा आहे तो पाहण्यास वेळ राहत नाही. आम्हीही पहिल्या दोन खेपांना असेच परतलो, हे कबूल करतो.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरात राज्य स्थापिले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांची कारकीर्द १६८४ ते १७१२. या राजाने तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधमु' हे संगीतरूपक रचिले, तिरुवारूरच्या त्यागेशावर पदे रचिली, आणि मराठीत 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे नाटक लिहिले. सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले ते १८४३ साली. म्हणजे मराठी नाटकाचा एक प्रवाह सव्वाशे वर्षांहून अधिक आधी कावेरीकाठी वाहत होता. पुढे तुळजाराजे (१७२८ ते १७३६) यांनी 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. या ग्रंथाची थोरवी अशी की राजा नुसती रागाची लक्षणे सांगून थांबत नाही; त्या रागातील प्रचलित गीतांतून व आलापांतून स्वरवाक्ये उदाहरणादाखल लिहून दाखवितो. त्यामुळे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एखादा राग कसा गात, याचा कागदी पुरावा हाती राहिला. मद्रासच्या म्युझिक ॲकॅडमीने हा ग्रंथ १९४२ मध्ये छापून काढला.

सर्वांत विलक्षण पुरुष मात्र दुसरे सरफोजीराजे. राज्यकाल १७९८ ते १८३२. श्वार्ट्झ नामक जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. राज्याची खरी सत्ता इंग्रजांच्या हाती गेलेली, स्वतःकडे किल्ला व त्याच्या भोवतीचा परिसर तेवढा उरलेला; अशा स्थितीत या राजाने वैद्यक, मुद्रण, चित्रकला, ग्रंथसंग्रह यांत स्वतःला बुडवून घेतले. 'बाळबोध मुक्तावली' हे इसापनीतीचे मराठी पुस्तक १८०६ मध्ये त्यांच्या छापखान्यात निघाले. संगीतात त्यांनी युरोपीय वाद्ये मागविली, दरबारी बँड उभा केला, आणि पाच रेघांच्या नोटेशनमधील संगीताचा संग्रह केला. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चौघे भाऊ होते, ज्यांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम बांधून दिला. व्हायोलिन हे वाद्य कर्नाटक संगीतात रुजविण्याचे श्रेय ज्यांना देतात त्यांत वडिवेलु एक.

स्वतः सरफोजीराजांनी मराठीत रचना केल्या. 'देवेंद्र कुरवंजी' ही त्यांपैकी एक. कुरवंजी हा तमिळ मुलखातला जुना खेळ. त्यात भविष्य सांगणारी डोंगरी कोरवीण येते व विरहिणीचा हात पाहते. राजेसाहेबांची कोरवीण पृथ्वीचा भूगोल सांगते! खंडे, देश, समुद्र यांची नावे ती मराठीत गाते. कोणास हसू येईल. परंतु नवे ज्ञान जुन्या साच्यात ओतून गाण्याजोगे करणे हे रचनाकाराचेच काम नव्हे काय?

याहून महत्त्वाचा आहे 'कोर्व्याचे साहित्याचे जिन्नस' हा नृत्यरचनांचा संग्रह. 'कोर्वै' म्हणजे तमिळमध्ये ओवणे, गुंफणे. नृत्याच्या मैफलीत एकामागून एक जे निरनिराळे प्रकार येतात, त्यांना येथे 'जिन्नस' हा आपला बाजारातला शब्द लावला आहे. एक कथासूत्र घ्यावयाचे आणि त्यावर सगळे जिन्नस एकाच रागात व एकाच तालात रचावयाचे. या माळेला 'निरूपण' असे नाव आहे. सुट्या चिजा नव्हेत. आरंभापासून अखेरपर्यंत एका डोक्याने योजिलेली दीर्घ रचना, जिच्यात राग बदलून सुटका करून घेता येत नाही, म्हणून विविधता लयीतून, अक्षरांतून, स्वरगुंफणीतून काढावी लागते. मुलीने त्या श्रावणातल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते. रचनाकार होते, राजवाड्यात होते, आणि मराठीत रचीत होते. आम्हांस ते तेव्हा सांगता आले नाही, कारण हा ग्रंथ आम्ही त्यानंतर उघडला.

त्याच तंजावर मुलखातील तिरुवारूरचे मुत्तुस्वामी दीक्षित (१७७५ ते १८३५) यांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवून चाळीसच्या आसपास लहान गीते केली. त्यांना 'नोट्टुस्वर' म्हणतात. शार्ङ्गदेवाच्या व्याख्येने तेवढ्यापुरते ते कुट्टिकार ठरतील. परंतु ज्यांच्या कृती कर्नाटक संगीताचे शिखर मानल्या जातात त्या पुरुषासही परक्या चालीखाली बसून शिकण्यात कमीपणा वाटला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचे बंधू बालुस्वामी मद्रासेस युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकले.

१८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या पश्चात तंजावर खालसा झाले. आश्रय गेला, कलावंत पांगले, पुष्कळसे मद्रासेस आले. मराठी निरूपणे गाणारे व नाचणारे उरले नाहीत. कागद मात्र राहिले.

असाच कागद शोधीत १९०४ मध्ये मुंबईचा एक वकील दक्षिणेत आला. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६). गवयांना साक्षीदारांप्रमाणे प्रश्न विचारण्याची त्यांची सवय पुष्कळांस रुचली नाही. मद्रास, तंजावर करीत ते दूर एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांकडे पोहोचले. हे मुत्तुस्वामींच्या घराण्यातले. त्याच १९०४ साली त्यांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्यात शेकडो कृती स्वरलिपीसह आहेत. आणि त्यांना या कामास उद्युक्त करणारे मद्रासचे चिन्नस्वामी मुदलियार हे स्वतः कर्नाटक संगीत युरोपीय नोटेशनमध्ये उतरवून छापीत होते. भातखंड्यांस तेथे व्यंकटमखीचा 'चतुर्दंडिप्रकाशिका' पाहावयास मिळाला. हा ग्रंथही तंजावरचाच, मराठ्यांपूर्वीच्या नायक राजांच्या काळातला. त्यातील बहात्तर मेळांच्या गणितातून भातखंड्यांनी आपल्या दहा थाटांची मांडणी केली व मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' लिहिली. म्हणजे मुंबई-पुण्याचा विद्यार्थी आज जो यमनाचा थाट पाठ करतो त्याची मुळे कावेरीच्या खोऱ्यात आहेत.

भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिका'च्या सहा भागांत घराण्यांच्या बंदिशी छापल्या, व 'चतुर' या नावाने स्वतःच्याही बांधल्या. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर 'सुजन' या नावाने रचना करीत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले व आपली निराळी स्वरलिपी चालविली. त्याहीपूर्वी बडोद्यास मौलाबक्षांनी एक लिपी सिद्ध केली होती; १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्या हाती गायनशाळा सोपविली, आणि १८९० नंतरच्या दशकात मौलाबक्षांचे पुत्र अलाउद्दीन खाँ यांस लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकावयास पाठविले. परदेशी जाऊन संगीतरचनेचे शिक्षण घ्यावे ही कल्पना सिरुसेरीच्या इमारतींत जन्मलेली नाही. एका मराठी संस्थानाच्या खजिन्यातून तिच्यासाठी पैसे खर्च झाले आहेत.

येथे आमचे एक मत नमूद करतो. ते सर्वांस पटेलच असे नाही. लिपी दोन कामांसाठी असते. एक, आठवण ठेवण्यासाठी. दुसरे, अनोळखी माणसास आज्ञा देण्यासाठी. भातखंडे-पलुसकरांची लिपी पहिल्या जातीची. गुरूकडून चीज घेतलेल्यास ती स्मरण देते. ज्याने ती चीज कधी ऐकली नाही त्यास नुसता सांगाडा मिळतो. पाच रेघांचे नोटेशन दुसऱ्या जातीचे. लाइपझिगचा वादक व टोकियोचा वादक, दोघांनी रचनाकाराचे तोंड न पाहता तेच वाजवावे, ही त्याची प्रतिज्ञा. श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही येथे नाही. परंतु आम्ही पहिल्या जातीचा कागद दुसऱ्या जातीच्या परीक्षेस पाठविला, ही आमची चूक. मास्तर कृष्णरावांनी स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास 'वंदे मातरम्'ला बँडवर वाजेल अशी चाल बांधली व ती राष्ट्रगीत व्हावी म्हणून जिवाचे रान केले, तेव्हा त्यांनाही हेच कळून चुकले होते की नुसते गाऊन दाखवून भागणार नाही. बँडवाल्याच्या पुढ्यात त्याला वाचता येईल असा कागद ठेवला पाहिजे. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय दुसऱ्या गीताच्या बाजूने झाला, हा भाग निराळा.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीत रचना ग्रंथरूपाने येऊ लागल्या. कुमार गंधर्वांचा 'अनूपरागविलास' १९६५ मध्ये निघाला. प्रभाताई अत्रे (१९३२ ते २०२४) यांच्या डॉक्टरेटचा विषय सरगम. 'स्वरांगिनी', 'स्वररंजनी' या बंदिशींच्या संग्रहांची वाट त्याहून वेगळी. पदवी प्रबंधाला, आणि बंदिशी रसिकांना. एकाच व्यक्तीत दोन्ही असूनही आपल्या व्यवस्थेने त्यांची गाठ घालून दिली नाही, याचे आम्हांस आता नवल वाटते.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे चर्चच्या शाळांतून पोरे स्वरवाचन शिकत, आणि म्हणूनच मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नोटेशन लिहिणारे हात गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या आपल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या, त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. लोकांना मात्र ते आठवतात ते १९७७ च्या एका चित्रपटगीतातील नावामुळे, जे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूच्या आदराने घातले. मराठी आडनावाचे शिरीष कोरडे युगांडात जन्मले, अमेरिकेत शिकले, आणि रचनाकार व प्राध्यापक म्हणून तेथे नावारूपास आले. रीना इस्माईल यांनी हिंदुस्थानी व पाश्चात्य वादकांना एकत्र कसे आणावे याच विषयावर येल विद्यापीठात डॉक्टरेट केली. आणि आपल्याच शहरात इळैयराजा! धनराज मास्तरांकडे ते पाश्चात्य संगीत शिकले. वादकांच्या पुढ्यात हाताने लिहिलेले नोटेशन ठेवण्याची त्यांची रीत सर्वश्रुत आहे. ८ मार्च २०२५ रोजी लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने त्यांची सिंफनी वाजविली, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते.

सिरुसेरीचे आणखी एक स्मरण या संदर्भात केले पाहिजे. तेथे २००५ पासून चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. तिचे संस्थापक प्रा. सी. एस. शेषाद्रि (१९३२ ते २०२०) हे जगन्मान्य गणिती. आयुष्याची कित्येक वर्षे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काढली. ते कर्नाटक संगीत उत्तम गात. व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांचे गणित ज्या मुलखात जन्मले तेथे हे स्वाभाविकच म्हणावयाचे.

यंदा मुलीने निरूपणाचा साचा घेतला. राग एक, ताल एक, चार जिन्नस. कंठ, व्हायोलिन, मृदंग व पियानो यांसाठी पाच रेघांवर लिहून काढले. शब्द तिचेच, मराठी. म्हणजे मातु व धातु दोन्ही तिचे. राग कोणता घ्यावा यावर घरात पुष्कळ चर्चा झाली; अखेर चारुकेशी ठरला, कारण तो दोन्हीकडच्यांना आपला वाटतो. कष्ट मात्र फार झाले. मृदंगाच्या बोलांना पाच रेघांवर जागा नाही, त्यासाठी निराळी खूण ठरवावी लागली. आंदोलित स्वर कसा लिहावा हे कोणास सांगता येईना. दोन ठिकाणी तिने "गायिकेने येथे स्वतःच्या मनाने भरावे" असे स्पष्ट लिहून ठेवले, आणि त्या प्राध्यापकाच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच समासात देऊन टाकले : यातील एवढे माझे, एवढे गाणाऱ्याचे.

शिफारसपत्रांपैकी एक तिच्या गुरुजींचे. त्यांनी मराठीत दोन पाने लिहिली, भाषांतराचे काम आमच्याकडे आले. 'गळा तयार आहे' या तीन शब्दांस इंग्रजीत काय म्हणावे यावर आमचे दोन दिवस गेले, आणि जे लिहिले त्याने आमचे समाधान झालेले नाही.

ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ परवडण्यासारखा नव्हता. मंडळाच्या सभागृहात एका रविवारी पंखे बंद करून ते उरकले. व्हायोलिनवादक मैलापूरचे, त्यांना मराठी येत नाही. तिसऱ्या जिन्नसाच्या आरंभी ते थांबले, कागदाकडे पाहिले, आणि मुलीला काही न विचारता पुढचे चार आवर्तन तिने लिहिले होते तसेच वाजविले. कोपऱ्यात बसलेल्या आम्हा चार-पाच जणांना त्या क्षणी काय झाले ते तिच्या चेहऱ्यावरून कळले.

डिसेंबरात मुदतीच्या आदल्या रात्री अर्ज गेला. स्मरणिका छापावयास जात आहे तोवर उत्तर आलेले नाही.